होळीवरून सांगितलेले वय

नंदुरबार जिल्ह्यातल्या एखाद्या पाड्यावर झालेले संशोधन इंग्रजी नियतकालिकात छापून येते, तेव्हा ते बहुतेक वेळा तिसऱ्या भाषेत पोचलेले असते. माहिती देणारी बाई पावरीत, मावचीत किंवा देहवालीत बोलते. सोबतची आशाताई, नाहीतर गावातला शिकलेला मुलगा, ते मराठीत सांगतो. संशोधकाच्या वहीत मराठी उतरते आणि मुक्कामी परतल्यावर त्या मराठीचे इंग्रजी होते. मग गाइड ते वाचतात, विद्यापीठाचे सॉफ्टवेअर ते तपासते, नियतकालिकाचा समीक्षक त्यावर शेरे मारतो. छापील निबंध हातात येईपर्यंत त्या बाईच्या बोलण्यातले काय उरले आणि काय गळाले, हे सांगू शकणारा माणूस एकच असतो. तो म्हणजे वही घेऊन तिच्या ओसरीवर बसलेला संशोधक.

यातला शेवटचा टप्पा, म्हणजे इंग्रजी लिहिण्याचा, आता यंत्राने उचलला आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यापाठोपाठ तशी आणखी यंत्रे आली. मोडक्या इंग्रजीत लिहिलेला परिच्छेद टाकावा आणि काही सेकंदांत सफाईदार परिच्छेद उचलावा, इतके हे सोपे झाले. ज्ञानव्यवहारात याने काय बदलले याची चर्चा जगभर चालू आहे, पण ती बहुतांशी मोठ्या विद्यापीठांच्या बाजूने होते. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव इथून ती निराळी दिसते.

नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तालुके सहा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आणि त्यातले जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी. सातपुड्याच्या वरच्या अंगाला पावरी, नोईरी, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली, वसावी, नवापूरकडे मावची, तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. जनगणना यातल्या बऱ्याच बोली 'भिली/भिलोडी' या एकाच नावाखाली घालते. त्या नावाखाली २०११ मध्ये देशभरात एक कोटी चार लाखांवर बोलणारे नोंदले गेले. आठव्या अनुसूचीत नसलेल्या भाषांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा. एवढी माणसे बोलतात, तरी या भाषांत ना प्रबंध लिहिला जातो, ना शोधनिबंध.

या भाषा पहिल्यांदा अभ्यासकांच्या कागदावर व्यवस्थित आल्या त्या १९०७ साली. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग भिल्ल भाषांना आणि खानदेशीला वाहिलेला आहे. त्याचे संपादन स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने केले. पद्धत अशी होती की बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे त्या त्या बोलीत भाषांतर मागवायचे, शिवाय तिथलीच एखादी गोष्ट किंवा जबानी मागवायची आणि ठरावीक शब्दांची यादी भरून घ्यायची. हे काम जिल्ह्याच्या अंमलदारांमार्फत झाले, त्यामुळे चुका राहिल्या, आणि परक्या गोष्टीवरून बोली मोजण्यावर आक्षेपही पुष्कळ घेतले गेले. तरी त्या खंडाचे पान उघडले की एक शिस्त डोळ्यांत भरते. बोलीतले मूळ वाक्य आधी येते, त्याच्या खाली शब्दाला शब्द लावून इंग्रजी अर्थ येतो, आणि सलग भाषांतर त्यानंतर. वाचकाला भाषांतर पटले नाही तर तो वरच्या ओळीकडे जाऊ शकतो. शंभराहून अधिक वर्षांनी याच प्रदेशावर लिहिलेले कितीतरी निबंध ही सोय देत नाहीत. त्यांच्यात पावरीचे एक वाक्यही सापडत नाही.

खानदेशाला या शिस्तीचा दुसराही वारसा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे त्यांचे खंड १८९८ पासून निघू लागले. गावोगाव हिंडून दप्तरांतून मिळवलेली पत्रे त्यांनी जशीच्या तशी छापली आणि स्वतःचे म्हणणे प्रस्तावनेत मांडले. त्यांची किती अनुमाने पुढे खोडली गेली! पण खोडणाऱ्यांनी पुरावा काढला तो त्यांनीच छापलेल्या साधनांतून. आधी साधन, मग अनुमान, ही मराठी संशोधनाची जुनी चाल आहे आणि यंत्राच्या काळात तिचीच गरज सर्वांत जास्त आहे, असे माझे मत आहे. या प्रकरणात मला मांडायचे आहे ते हेच.

त्याआधी यंत्राने काय दिले ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. इंग्रजी ही ज्ञानव्यवहाराची जकात आहे, आणि ती सगळ्यांना सारखी बसत नाही. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-शास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध केली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना निबंध लिहायला निम्म्याने जास्त वेळ लागतो, आणि केवळ भाषेच्या कारणावरून निबंध नाकारला जाण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे अडीच पट असते, असे तीत दिसले. धडगावच्या आश्रमशाळेत मराठी माध्यमातून शिकलेला, घरी पावरी बोलणारा मुलगा पीएचडीला बसतो तेव्हा मराठी हीच त्याची दुसरी भाषा असते. इंग्रजी तिसरी, किंवा बाजाराची अहिराणी धरली तर चौथी. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरात मराठी आणि इतर सामाजिक विषयांचे प्रबंध मराठीत लिहिता येतात, पण वनस्पतिशास्त्र, वैद्यक, पोषण यांत इंग्रजीवाचून गत नाही.

वनस्पतिशास्त्राचे उदाहरण मुद्दाम घेतो. सातपुड्यातल्या झाडांवर या भागातल्या प्राध्यापकांनी चिकाटीने काम केले आहे. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचा डी. ए. पाटील यांचा ग्रंथ २००३ चा, आणि तो इंग्रजीत आहे. या शास्त्रात तर इंग्रजीच्या आधी लॅटिनची अट होती. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय तिचे नाव ग्राह्य धरायचे नाही, हा नियम १९३५ पासून चालला आणि १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालेल असा बदल झाला. म्हणजे शास्त्राची भाषा कायमची ठरलेली नसते. माणसे ती ठरवतात आणि बदलतातही.

इंग्रजीच्या या जकातीवर भारतात आणखी एक ओझे चढले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून प्राध्यापकांच्या निवडीला आणि बढतीला गुणांचे कोष्टक लावले, त्यात निबंधांच्या संख्येला गुण आले. पीएचडीच्या विद्यार्थ्याला प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापणे सक्तीचे होते. ती सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. मधल्या काळात 'पेपर काढणे' हा शब्दप्रयोग कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये रुळला आणि पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापणारी नियतकालिके बोकाळली. त्यांना आळा घालायला आयोगाने 'केअर' ही मान्य नियतकालिकांची यादी आणली आणि २०२५ मध्ये ती बंदही केली. उसनवारी रोखण्यासाठी २०१८ चे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, दहा ते चाळीसला दुरुस्ती करून पुन्हा सादर करा, साठच्या वर गेले तर नोंदणी रद्द.

टक्का आला की टक्का उतरवण्याची विद्याही आली. शब्द फिरवणारी सॉफ्टवेअर यंत्रांच्या आधीपासून होती. फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ गिलोम काबानाक यांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये दाखवून दिले, की छापलेल्या शास्त्रीय निबंधांत रूढ संज्ञांच्या जागी विचित्र शब्दजोड्या बसल्या आहेत. 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल', असे. लेखकाने वाचले नाही, समीक्षकाने वाचले नाही, संपादकाने वाचले नाही, आणि तरी तो निबंध ज्ञान म्हणून नोंदला गेला. नवी यंत्रे असे काही लिहीत नाहीत. त्यांची भाषा शुद्ध असते, म्हणूनच न वाचता पुढे ढकललेला मजकूर ओळखणे आता जास्त कठीण झाले आहे.

किती पसरले आहे हे? द्मित्री कोबाक आणि सहकाऱ्यांनी पबमेडवरचे २०१० ते २०२४ मधले दीड कोटीहून अधिक गोषवारे तपासले. २०२२ नंतर काही इंग्रजी शब्द अचानक उसळलेले त्यांना दिसले. 'डेल्व्ह्ज' हे क्रियापद तर वीस पटींहून जास्त. हे शब्द कुठल्या विषयाचे नव्हते, निव्वळ शैलीचे होते. त्यावरून त्यांनी हिशोब मांडला, की २०२४ च्या गोषवाऱ्यांपैकी किमान साडेतेरा टक्क्यांना यंत्राचा हात लागला आहे. काही देशांत आणि काही नियतकालिकांत हे प्रमाण याहून पुष्कळ वर गेले.

आता या आकड्याला हसू नये आणि दचकूही नये. ज्याला इंग्रजी जड जाते त्याने मदत घेतली, तर त्यात लाज कसली? पूर्वी ही मदत पैशाने मिळत होती. शहरातला परिचित प्राध्यापक, पुण्या-मुंबईचा भाषा-दुरुस्तीवाला, ज्याची जशी ऐपत तसा. ती आता फुकटात, किंवा जवळपास फुकटात मिळते. पाड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याला बरोबरीने उभे राहण्याची अशी संधी याआधी आली नव्हती.

पण त्याच विद्यार्थ्यावर संशयही पहिल्यांदा येतो. यंत्राने लिहिलेले ओळखण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर निघाली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये त्यांतली सात घेतली आणि परदेशी विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या परीक्षेत स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांच्यापुढे ठेवले. सरासरी ६१ टक्के निबंध 'यंत्राचे' ठरले. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे माणसाचे ठरले. कारण सरळ आहे. ही सॉफ्टवेअर शब्दांची निवड किती अपेक्षित आहे ते मोजतात, आणि परकी भाषा शिकून लिहिणारा माणूस नेमके अपेक्षित, सुरक्षित शब्दच वापरतो. तेव्हा कुठल्याही विद्यापीठाने अशा टक्क्यावर विद्यार्थ्याचे भवितव्य ठरवू नये, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. याची सर्वांत मोठी शिक्षा होईल ती प्रामाणिकपणे, अडखळत इंग्रजी लिहिणाऱ्याला.

यंत्रे संदर्भही रचतात. वॉल्टर्स आणि वाइल्डर यांनी २०२३ मध्ये मोजले, तेव्हा चॅटजीपीटीच्या आधीच्या आवृत्तीने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के अस्तित्वातच नव्हते, पुढच्या आवृत्तीचे १८ टक्के. लेखक खरा, नियतकालिक खरे, वर्ष पटण्यासारखे, पण असा निबंध कधी लिहिलाच गेलेला नाही. ज्या विषयावर छापील साहित्य थोडे, तिथे धोका जास्त. मधुमेहावर विचारले तर यंत्रापाशी हजारो खरे निबंध आहेत. नोईरी बोलीच्या क्रियापदांवर विचारले तर त्याच्यापाशी जवळपास काही नाही, आणि 'माहीत नाही' म्हणण्याची सवय त्याला अजून पुरती लागलेली नाही.

पण खोटे संदर्भ शोधून काढता येतात. मला जास्त काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची, आणि ती जवळून पाहायला हवी.

नंदुरबारवर सर्वांत जास्त लिहिले जाते ते कुपोषणाबद्दल. समजा, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर सप्टेंबर महिन्यात पोषणाची पाहणी चालू आहे. मुलगा तराजूत घातला, वजन भरले ९.२ किलो. वय? आई सांगते, याने दोन होळ्या पाहिल्या. सातपुड्यात होळी हा वर्षाचा खांब आहे. आधीचे भोंगऱ्या बाजार, काठीची राजवाडी होळी, परगावी गेलेल्यांचे परतणे, सगळे तिच्याभोवती. तेव्हा हे उत्तर अचूकच आहे, फक्त ते महिन्यांत नाही. सप्टेंबरात दोन होळ्या पाहिलेले मूल म्हणजे अठरा महिन्यांपासून तीस महिन्यांपर्यंतचे कुठलेही मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्यासाठी कमी वजनाची रेषा अठराव्या महिन्याला ८.८ किलो आहे. म्हणजे ९.२ किलोचा हा मुलगा तिच्या वर, ठीक. तो चोवीस महिन्यांचा असेल तर रेषा ९.७ ची, म्हणजे तो कमी वजनाचा. आणि तीस महिन्यांचा असेल तर तीव्र कमी वजनाची रेषाच ९.४ वर असते, म्हणजे तो तिच्याही खाली. मूल एक, वजन एक, आणि कोष्टकातले रकाने तीन.

चांगला संशोधक इथे थांबतो. अंगणवाडीचे रजिस्टर पाहतो, जन्माचा दाखला विचारतो. पण दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबात मूल तिकडेच जन्मले असेल, तर कागद नसण्याची शक्यता बरीच. मग तो घटनांवरून विचारतो. पेरणीच्या आधी की नंतर? मोह फुलला होता का? अशा प्रश्नांतून तीन-चार महिन्यांपर्यंत नेम येतो, आणि वहीत तो लिहितो, 'वय सुमारे २२ महिने, आईने होळी व मोहावरून सांगितले, दाखला नाही.' हे वाक्य म्हणजे शास्त्र आहे. त्यात आकडा आहे, आकडा कुठून आला ते आहे, आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवावा तेही आहे.

आता हे वाक्य यंत्रात जाते, 'चांगल्या इंग्रजीत लिही' या सूचनेसह. बाहेर येते ते एक ठाम, गोळीबंद वाक्य, मुलांचे वय आणि वजन नोंदवण्यात आले अशा अर्थाचे. होळी जाते, मोह जातो, 'दाखला नाही' जाते. शैलीच्या दृष्टीने ती अडगळच होती. उवे पीटर्स आणि बेंजामिन चिन-यी यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा भाषा-यंत्रांनी केलेले ४,९०० सारांश तपासले. मूळ निबंधातल्या मर्यादा गाळून निष्कर्ष फुगवण्याची प्रवृत्ती माणसांनी लिहिलेल्या सारांशांच्या तुलनेत यंत्रांत जवळपास पाच पट आढळली. म्हणजे 'या पाड्यावर, या महिन्यात, इतक्या मुलांत दिसले' याचे 'आदिवासी मुलांत असते' होते. असा निबंध वाचून योजना आखणारा अधिकारी मुंबईत किंवा दिल्लीत बसलेला असतो. त्याच्या कोष्टकात त्या मुलाला एकच रकाना मिळतो, आणि तो कसा मिळाला हे विचारण्याची वाट बुजलेली असते.

कागदावरच्या शब्दाने इथल्या माणसांचे काय होते, हे या जिल्ह्याला नवे नाही. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली, ती सगळी अक्राणी (म्हणजे धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. जागतिक बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्गर यांच्या स्वतंत्र समितीने १९९२ मध्ये अहवाल दिला. बाधित लोकांची पायाभूत माहितीच नीट गोळा झालेली नाही, हा त्यातला एक मुख्य ठपका होता. पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणारी माणसे सरकारी कागदात 'अतिक्रमणधारक' होती, आणि त्या एका नोंदीमुळे जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याचा त्यांचा हक्क अडत होता, हेही त्या अहवालाने मांडले. मार्च १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले. समितीचे लोक खोऱ्यात हिंडले, बैठकांत बसले, ऐकले, म्हणून हे त्यांना लिहिता आले. उपलब्ध कागदांवरून सफाईदार मजकूर करून देणाऱ्या यंत्राने त्या वेळी 'अतिक्रमणधारक' हाच शब्द पुढे नेला असता, कारण कागदांत तोच होता.

शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता अनेकांना ठाऊक आहे. आपली दुःखे दुसऱ्यांनी मंचावरून सांगायची आणि आपण खाली बसून ऐकायची, हा तिचा विषय. कविता लिहिली गेली तेव्हा मंचावर निदान माणसे होती.

मग यंत्रालाच पावरी शिकवावी का? तसे प्रयत्न सुरू झाले आहेत. 'भाषिणी' हा सरकारी उपक्रम २०२२ पासून चालू आहे, त्याचा भर अनुसूचीतल्या बावीस भाषांवर. आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये 'आदि वाणी' नावाचे भाषांतराचे साधन प्राथमिक रूपात आणले. दिल्लीच्या आयआयटीच्या पुढाकाराने ते तयार झाले आणि त्यात संथाली, मुंडारी, गोंडी यांच्याबरोबर भिलीही आहे. ही आनंदाची बातमी आहे. त्यातली भिली मध्य प्रदेशातल्या साहित्यावर उभी आहे. नर्मदेच्या अलीकडच्या मावचीला आणि देहवालीला ती कितपत लागू पडते, हे तिथल्या बोलणाऱ्यांनीच तपासले पाहिजे.

घाई मात्र होऊ नये. ग्रीनलंडच्या भाषेतल्या विकिपीडियाची कथा ताजी आहे. भाषा न येणाऱ्या लोकांनी यंत्राने केलेली भाषांतरे तिथे चढवली. त्या भाषेत मजकूर आधीच इतका थोडा, की पुढची यंत्रे शिकणार तीही याच चुकांवरून. अखेर तो विकिपीडिया सांभाळणाऱ्यानेच २०२५ मध्ये तो बंद करण्याची मागणी केली, आणि ती मान्य झाली. पावरीत उद्या इंटरनेटवर जो पहिला मोठा मजकूर येईल तो जर यंत्राचा असेल, तर पुढच्या पिढीतल्या मुलाला आपलीच भाषा परक्याच्या चुकांसह परत मिळेल.

उलट, इथे खरा मजकूर तयार करणारी माणसे आहेत. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघाला. त्यात या बोलींवर त्या त्या भागातल्या माणसांनी लिहिले. अहिराणीचा कोश रमेश सूर्यवंशी यांनी केला. नर्मदाकाठच्या जीवनशाळांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांशी पावरीत बोलत शिकवले गेले. पीएचडीच्या निमित्ताने दरवर्षी किती तास मुलाखती या जिल्ह्यात घेतल्या जातात! त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित होतात, इंग्रजी निबंध झाला की विसरल्या जातात आणि फोन बदलला की जातात. हे सगळे राजवाड्यांच्या अर्थाने साधन आहे.

म्हणून विद्यापीठांकडे माझे मागणे साधे आहे. यंत्र वापरले का, हा प्रश्न विचारून थांबू नका. जगातल्या बहुतेक मोठ्या नियतकालिकांनी २०२३ पासून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. आणि वापरले असेल तर सांगा. हे ठीक आहे. नंदुरबारसारख्या ठिकाणी त्यापुढे जाऊन प्रबंधाला एक परिशिष्ट मागावे. निवडक मुलाखती मूळ बोलीत, देवनागरीत, खाली मराठी, कोण बोलले हे लपवून, पण कुठल्या गावाच्या कुठल्या बोलीत हे सांगून. दुभाष्या कोण होता आणि त्याची स्वतःची बोली कोणती, हेही. शंभर पानांच्या प्रस्तावनेपेक्षा अशी वीस पाने परीक्षकाला जास्त सांगतील. व्हायवात त्या वीस पानांवर प्रश्न विचारले, तर काम कोणी केले हे ओळखायला कुठले सॉफ्टवेअर लागणार नाही.

संमतीचाही मुद्दा आहे आणि तो गंभीर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत संमती घ्यावी. पावरी बोलणाऱ्या बाईने सिकलसेलबद्दल बोलायला होकार दिला तो समोर बसलेल्या मुलीला, तिच्या कॉलेजला. तिचे बोलणे, गावाचे नाव, घरातल्या आजाराची हकीकत परदेशी कंपनीच्या यंत्रात टाकायला तिने होकार दिलेला नाही. सिकलसेलचे वाहक असणे लग्न जुळवताना आड येऊ शकते. नावे आणि गावे काढल्याशिवाय एकही मुलाखत यंत्रात जाऊ नये, हा नियम गाइडने पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

आणि ज्या कामासाठी यंत्र मनापासून वापरावे असे एक काम अजून फारसे कोणी करत नाही. इंग्रजी निबंध गावाकडे परत नेण्याचे. दहा पानांच्या इंग्रजी निबंधाचा दोन पानी मराठी गोषवारा यंत्र आता काही मिनिटांत करून देते. संशोधकाने तो वहीशी ताडून दुरुस्त करावा, गावातल्या शिकलेल्या मुलामुलीने तो पावरीत सांगावा, आणि ग्रामसभेत तो वाचला जावा. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे ग्रामसभेला पेसा कायद्याने आपल्या साधनसंपत्तीबद्दल बोलण्याचा अधिकार दिला आहे, मग आपल्याबद्दलच्या संशोधनावर बोलण्यात काय अडचण? कुठला आकडा चुकला, कुठल्या पाड्याचे नाव दुसऱ्या पाड्याला लागले, कुठली गोष्ट सांगितली होती आणि लिहिली गेली नाही, हे तिथे उभे राहून सांगता येईल. त्या दुरुस्त्यांसह निबंध नियतकालिकाकडे जावा, आणि दुरुस्त्या कोणत्या गावाने केल्या ते त्यात छापले जावे.